गोल तोरण

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी माझ्या हातांना जो वास लागतो तो दोन दिवस जात नाही. फर या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांचा चीक; नाताळला दारावर लावायचं हिरवं कडं मी त्यांचं बांधते. साबणाने तो निघत नाही, गरम पाण्याने उलट जास्तच पसरतो. पहिल्या वर्षी मी मोरीपाशी हात चोळत उभी होते आणि एकदम फणस आठवला. मिरजेला कोकणातून कुणी फणस आणून दिला की आई कापायच्या आधी विळीला आणि दोन्ही तळव्यांना खोबरेल चोपडायची. मी कपाटातली बाटली काढली, तेल हातांवर चोळलं, आणि चीक मऊ होऊन सुटला. तेव्हापासून डहाळ्या कापायला बसण्याआधी खोबरेलाची बाटली टेबलावर येते. शेजारच्या बाईंनीही आता एक बाटली आणून ठेवली आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेममध्ये राहतो, १८ वर्षं झाली. गावाचं हे नाव १७४१ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री पडलं. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची थोडी माणसं इथे येऊन नुकतीच वसत होती. एकाच छपराखाली एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला गुरं, असं त्यांचं ओंडक्यांचं घर होतं. पंथाचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ पाहुणे म्हणून आले होते. गोठ्याला लागून बसून त्या रात्रीची प्रार्थना झाली, आणि येशूही बेथलहेमच्या गोठ्यातच जन्मलेला, तेव्हा बेथलहेमशिवाय दुसरं नाव कुणाला सुचणार? पुढे इथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला. त्याच्या भट्ट्या १९९५ साली विझल्या, पण लीहाय नदीच्या काठी त्या अजून उभ्या आहेत, काळ्या आणि उंच. १९३७ पासून गाव स्वतःला नाताळनगरी म्हणवतं. दक्षिणेच्या डोंगरावर विजेचा मोठा तारा लागतो, तो कितीतरी मैलांवरून दिसतो.

मला मात्र पहिल्या डिसेंबरात धरून ठेवलं ते खिडक्यांनी. जुन्या वस्तीतल्या घरांत प्रत्येक खिडकीत एकच मेणबत्ती. आता ती विजेची असते, पण एकच, आणि काचेला लागून रस्त्याकडे उभी केलेली. ओसरीवर कागदाचा किंवा काचेचा टोकदार तारा टांगलेला, २६ टोकांचा. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरेव्हियन शाळेत भूमिती शिकवताना तो तयार झाला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या तोंडून "आकाशकंदील!" असंच निघालं. आणि प्रत्येक दारावर हिरवं कडं. इथे त्याला रीथ म्हणतात.

या सगळ्या वस्तूंची तोंडं बाहेर असतात. घरात बसलेल्याला दिसते ती मेणबत्तीची वायर आणि दाराची कोरी आतली बाजू. हे मला नवीन नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी आई तोरण करायला बसायची तेव्हा आंब्याचं प्रत्येक पान उलटसुलट करून बघायची. तकतकीत बाजू रस्त्याकडे, शिरांची बाजू घराकडे. मी एकदा विचारलं होतं, चांगली बाजू आपल्याकडे का नाही? आई दाभणात सुतळी ओवत होती, तिने मान वर न करता सांगितलं, "आपण घरातच आहोत की. येणाऱ्याला दिसायला हवं."

शेजारच्या बाई तेव्हा ६० च्या पुढे होत्या, आता ८० च्या जवळ आल्यात. त्यांचे वडील इथून तासाभराच्या आत असलेल्या पेन आर्गिलच्या खाणीत होते. पेन आर्गिल, बँगोर, विंड गॅप हा सगळा पाटीच्या दगडाचा पट्टा. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेला चिखल दाबला गेला, तापला आणि त्याचा हा दगड झाला. छपरांना, पायऱ्यांना, बिलियर्डच्या टेबलांना तो लागायचा, आणि शाळांच्या फळ्यांना तर फारच. खाणीत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून, वेल्समधून आलेले लोक होते, नंतर इटालियन आले. बाईंचे वडील दगड फोडणारे नव्हते, उकलणारे होते. हा फरक त्या आवर्जून सांगतात. ओलसर ठोकळा गुडघ्याला टेकवायचा, रुंद पात्याची छिन्नी कडेला लावायची, लाकडी हातोड्याचा हलका ठोका द्यायचा. दगड पुस्तकासारखा उघडतो. ठोकळा वाळला तर उकलत नाही, म्हणून तो ओल्या गोणपाटाखाली ठेवत.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक पाटी होती. खरी दगडी, लाकडी चौकटीची. चौकटीच्या कडेला लाल लोकरी कापडाची पट्टी दोऱ्याने शिवून बसवलेली. बाकावर पाट्या आपटून गलका होऊ नये म्हणून पूर्वी अशा करत. लाल रंगाचा आता विटकरी झालाय, एका कोपऱ्यात शिवण उसवलीय. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मी नकळत नाकाशी नेली. पाटीला वास असतो, कोरड्या पावसाचा म्हणावा असा, आणि तो इथल्या पाटीलाही होता. आपल्या पाट्यांचा, आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणीतला दगड आणि पेन आर्गिलचा दगड यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे, पण बोटाखाली दोन्ही सारखेच गार.

त्यांना ती पाटी माझ्या दारावरच्या कड्याच्या मध्ये बसवायची होती. त्यांच्या आईने तसं केलं होतं, त्या म्हणाल्या, पण तार आता त्यांच्या हातांना दाद देत नाही. मला येईल का?

मला येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, आणि शिकता शिकता कळलं की निम्मं येत होतं.

तारेचं कडं १४ इंचांचं घ्यायचं. हिरवी बारीक तार रिळावर गुंडाळलेली असते, ती शेवटपर्यंत कापायची नाही. डहाळ्या बोटभर ते वीतभर लांबीच्या कापायच्या, तीन-चार एकत्र धरून जुडी करायची, देठं कड्यावर ठेवून तार तीनदा फिरवायची आणि ओढायची. दुसरी जुडी पहिलीच्या देठांवर, निम्मी झाकेल अशी. मग तिसरी. सगळ्या एकाच दिशेने. हे म्हणजे सुई न घेता नुसत्या दोऱ्याने बांधलेला गजरा. मिरजेच्या बाजारात फुलवाल्या बाया पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून मोगरा बांधतात तसं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, फास, ओढ. ज्या हाताने गजरा बांधलाय त्याला तारेचा ताण सांगावा लागत नाही. कमी ओढलं तर सुटतं, जास्त ओढलं तर देठ चिरतो. एका कड्याला ३० च्या आसपास जुड्या लागतात. शेवटची जुडी बसवताना पहिलीची पानं वर उचलायची, तिच्या पोटात देठं सारायची आणि तार तिथेच बांधून टाकायची. नीट जमलं तर सुरुवात कुठे होती ते आपल्यालाही सापडत नाही. मला तो क्षण फार आवडतो. दर वर्षी मी कडं हातात गोल फिरवते आणि पहिली जुडी शोधते.

डहाळ्या विकत आणायची गरज नाही. नाताळची झाडं विकणारे खालच्या फांद्या छाटतात, त्यांचा ढीग कोपऱ्यात पडलेला असतो, विचारलं तर देतात. पण झाड कोणतं ते बघून घ्यावं. एका वर्षी मी परसातल्या हेमलॉकच्या फांद्या वापरल्या. हेमलॉक हा पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष, नाजूक आणि देखणा. आठवड्यात सगळी पानं उंबऱ्यावर. स्प्रूसही असाच गळतो. स्प्रूसचं पान चौकोनी, दोन बोटांत धरलं तर गोल फिरतं. फरचं पान चपटं, फिरत नाही, आणि पालथं केलं की पोटावर दोन पांढुरक्या रेघा दिसतात. फर कापल्यावरही थंडीत महिनाभर हिरवा राहतो. मेन राज्यात बाल्सम फरच्या डहाळ्या तोडायचा मोठा हंगाम असतो. तिथले लोक चांगल्या कडक थंडीच्या काही रात्री होऊन गेल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत, कारण गारठ्याने पान फांदीवर पक्कं बसतं. आमच्याकडे फ्रेझर फर मिळतो. मी डहाळ्या रात्रभर बादलीत भिजत घालते, कढीलिंबाच्या काड्या घालाव्यात तशा.

आता पाटी. ती जड असते, आणि लोक चुकतात ते इथेच. मीही चुकले. मी पाटी सरळ हिरव्या कड्याला बांधली आणि दोन दिवसांत कडं अंडाकृती झालं. भार कड्यावर पडता कामा नये. दाराच्या वरच्या आकड्यालाच वेगळी जाड तार लावायची, तिच्यावर पाटी तोलायची, आणि कडं तिच्याभोवती नुसतं असल्यासारखं अडकवायचं. बाहेर काचेचं दुसरं दार असेल तर कडं दोन दारांच्या मध्ये ठेवू नये. दुपारचं ऊन आत कोंडतं आणि डहाळ्या भाजल्यासारख्या तांबूस होतात.

बाजारात पाटीचा रंग फासलेल्या फळ्या मिळतात, त्यावर कुणीतरी आधीच वळणदार अक्षरांत शुभेच्छा छापलेल्या असतात. मला त्या पटत नाहीत. पाटी म्हणजे पुसता येणारी जागा. जे पुसता येत नाही ते पाटीवर कशाला? आणि खरी पाटी वापरायची तर तिला आधी माणसात आणावी लागते. खडू आडवा धरून सगळ्या पाटीवर घासायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. दगडाच्या बारीक खळग्यांत खडूची पूड बसली की पहिल्या अक्षराचं भूत मागे राहत नाही. आम्ही लहानपणी कोळसा आणि पानांचा चोथा घेऊन पाटी घासत होतो, ती वाळेपर्यंत हवेत हलवत होतो. थुंकीने पुसली तर पाठीत धपाटा होता. विद्या आहे ती.

कडं पहिल्यांदा दारावर लागलं, मी फोटो काढून आईला पाठवला. लगेच फोन आला.

"अगं, हे काय दाराला? पुष्पचक्र?"

मी काही बोलले नाही. तिच्या आवाजात खरी धास्ती होती. आपल्याकडे गोल चक्र दिसतं ते हुतात्मा स्मारकापाशी, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी. दाराला आपण आडवं बांधतो, दोन टोकं असलेलं. गोल बंद झालेलं आपण जाणाऱ्याला वाहतो. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. इथेही ते वाहतात. मेनमधल्या एका कडी करणाऱ्या व्यावसायिकाकडे १९९२ साली हंगामाच्या शेवटी माल उरला होता, तो त्याने आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत नेऊन जुन्या, विसरलेल्या थडग्यांपाशी ठेवला, ५,००० कडी. ती प्रथा पुढे देशभर पसरली. म्हणजे एकाच डिसेंबरात तेच कडं दारावर असतं आणि थडग्यावरही. मला हे विचित्र वाटत नाही. आपली फुलं तरी दुसरं काय करतात? झेंडू तोरणातही असतो आणि तिरडीवरही.

आईला मी एवढं सांगितलं नाही. फुलं नाहीत, नुसता पाला आहे, हे सांगितलं. तिने फोटो मोठा करून पाहिला असावा. थोड्या वेळाने म्हणाली, "पाला आहे होय. मग गोल तोरण म्हण की." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव ते आहे.

पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न पहिल्या वर्षी सुटलाच नाही. मी कुठल्याशा चित्रावरून इंग्रजीत शुभेच्छा उतरवल्या, वेलबुट्टीसकट. बाई बघून गेल्या, छान आहे म्हणाल्या, आणि जाताना वळून म्हणाल्या, "पण हे तुझं अक्षर नाही." मला ते लागलं, कारण खरं होतं. सण माझा नव्हता, अक्षरही माझं नव्हतं. मी पाटी पुसली आणि ती बरेच दिवस कोरी राहिली.

दुसऱ्या वर्षी लेक पाच वर्षांची झाली होती. रविवारी मराठी शाळेत जायला लागली होती, तिथे आकडे चालले होते. १ डिसेंबरला ती शेजारी बसून बाईंच्या हातचे बिस्किट खात होती, आणि पाच वर्षांची मुलं विचारतात ते विचारत होती. नाताळ उद्या आहे का? परवा आहे का? बाईंनी तिला एक गोष्ट सांगितली. हॅम्बुर्गमध्ये योहान विचर्न नावाचे एक पाद्री होते. गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी १८३३ मध्ये आश्रम काढला होता. तिथली मुलं डिसेंबरात रोज हेच विचारायची. मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. किती पेटायच्या राहिल्या ते मोजलं की झालं. चर्चमध्ये आणि घरांत आज चार मेणबत्त्यांचं जे हिरवं कडं असतं ते त्या चाकावरून आलं.

लेक घरी आली, खडू मागितला, स्टुलावर चढली आणि पाटीवर लिहिलं: २४.

त्या दिवसापासून आमच्या पाटीवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही. रोज सकाळी बस यायच्या आधी जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. रस्त्यावरच्या लोकांना आधी वाटलं ही नक्षी आहे. कुत्रा फिरवायला नेणारे एक गृहस्थ थांबून बघायचे. टपाल आणणारी बाई पहिली, जिला कळलं की हे बदलतंय. ते उतरतंय हे कळायला तिला तीन दिवस लागले, आणि मग ती स्वतःच पत्र ठेवताना म्हणायला लागली, आज एकोणीस. २ आणि ३ सगळ्यांना वाचता येतात. ४ त्यांना वरून उघडा राहिलेला आठ वाटतो. ७ चा सहा होतो. पण सगळ्यात घोटाळा केला शेवटच्या दिवसाने. २४ डिसेंबरच्या दुपारी कुत्रेवाले गृहस्थ फाटकापाशी थांबले आणि काळजीने विचारलं, अजून नऊ दिवस कसे? कारण आपला १ त्यांच्या नवासारखा दिसतो.

लेक बाहेर गेली, तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "वन. इट इज एक."

मी दारात उभी राहून त्या एकुलत्या एकाकडे पाहत होते. शाळेत दसऱ्याला पाटीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत होतो. एकमेकांकडे तोंड केलेले एक, त्यांच्या रेघा एकमेकींत जोडलेल्या, दोन्ही बाजू सारख्या. आकृतीत ना चेहरा ना हात, तरी ती सरस्वती आहे यात कुणाला शंका नसे. मग हळदकुंकू, झेंडू, आणि त्या दिवशी पाटीवर अभ्यास लिहायचा नाही. मी खडू घेतला आणि त्या १ च्या समोर दुसरा काढला. हाताला आठवत होतं. एक रेघ चुकली, ती बोटाने पुसली, पुन्हा ओढली.

संध्याकाळी बाई आल्या. पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ही कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं, विद्येची देवी, आणि ती फक्त एक या आकड्यातून काढतात, मुलं काढतात, पाटीवरच. त्यांनी हातमोजा काढला आणि चौकटीवरच्या लाल पट्टीवरून अंगठा फिरवला. दगडाला हात लावला नाही, पुसलं जाईल म्हणून. मग म्हणाल्या, त्यांच्या वडिलांना जेमतेम सही करता यायची. आयुष्यभर त्यांनी शाळांसाठी फळे उकलले, आणि घरात एवढी एकच पाटी आणली होती, मुलींसाठी.

आम्ही त्यांना आत बोलावलं. करंज्या होत्या.

त्यानंतर दर वर्षी शेवटच्या दिवशी पाटीवर सरस्वती येते. आई गेली त्या वर्षी दसऱ्याला मी तोरण केलं नाही, दिवाळीचा कंदीलही लावला नाही. डिसेंबरात कडंही करणार नव्हते. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी बाईंनी स्वतःच बादलीभर डहाळ्या भिजवून आणल्या, टेबलावर ठेवल्या, शेजारी खोबरेलाची बाटली ठेवली आणि जुड्या करायला बसल्या. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असतात, तार ओढवत नाही. त्या जुडी धरून देत राहिल्या, मी बांधत राहिले. फारसं बोललो नाही. प्रत्येक जुडी देताना त्या पानं उलटून चकाकणारी बाजू वर करत होत्या, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

या ऑगस्टात लेक कॉलेजला गेली. कडं मी केलं, पाटी टांगली, खडूचा डबा खिडकीत ठेवला. १ डिसेंबरला सकाळी भुरभुर बर्फ पडत होता. सात वाजता चहा ठेवला तेव्हा दारापाशी कसलासा आवाज आला, लाकडावर काहीतरी घासल्यासारखा. पडदा सारून पाहिलं. बाई ओसरीवर उभ्या होत्या, एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा खडू. कोटाच्या बाहीने पाटी पुसली. मग खाली वाकून, फार सावकाश, २ काढला. त्याची शेपटी जरा लांब झाली. थांबल्या, हात कोटावर पुसला, आणि ४ लिहायला घेतला, वरून उघडा.